उलटा फिरणारा भोवरा

माझ्या धाकट्या भावाला या वर्षी एक नवाच उद्योग लागला. पगार शून्य आणि लगबग कलेक्टरची. आमच्या लहानपणी सुटे भाग जोडून करायचे प्लास्टिकचे भोवरे मिळायचे. ते बनवणारी कंपनी म्हणे ते पुन्हा बाजारात आणणार आहे, आणि आणायच्या आधी जुन्या खेळाडूंना विचारते आहे की बाबांनो, तुमच्या इच्छा काय त्या कळवा. झालं! भावाच्या अंगात वारं शिरलं. त्यानं सातारा-सांगली मिळून व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढला, सगळ्यांच्या इच्छा गोळा करून कंपनीच्या फॉर्ममध्ये भरायचा मक्ता स्वतःकडं घेतला आणि मला न विचारता त्यात ओढलं.

"मला वेळ नाही, मला दुकान आहे," मी फोनवर म्हटलं. सांगलीत नवऱ्याचं आणि माझं मेडिकल आहे. दिवसभर लोकांना जेवणाआधी की जेवणानंतर हे सांगून माझा घसा बसतो.

"ताई, अगं तू खेळायचीस की. मला हरवायचीस कधीकधी."

"कधीकधी? रोज हरवायचे."

"मग राहा की गपगुमान."

राहिले. पण मला त्या ग्रुपमध्ये नको होतं, त्याचं खरं कारण दुकान नव्हतं. ते आताच सांगून टाकते, उगाच पुढं लपवाछपवी नको. माझा भाऊ आठ वर्षांचा असताना त्याचा एक भोवरा गेला. असा भोवरा दुसऱ्या कुणाकडंच नव्हता. तो कृष्णेत मी टाकला होता. आणि भावाला आजवर वाटत होतं की आईनं टाकला.

त्या खेळण्याचं इंग्रजी नाव आमच्या वाईच्या गल्लीत कुणाला धड घेता यायचं नाही, म्हणून आम्ही त्याला जोडभोवरा म्हणायचो. लाकडी भोवऱ्याला दोरीची जाळी गुंडाळून फेकायचं म्हणजे मनगट लागतं. याला तसलं काही नको. तीन भाग: वर दातेरी डोकं, मध्ये वजनाची चकती, खाली बूड. तिन्ही जोडून लाँचरला अडकवायचं, लाँचरमध्ये दात्यांची लांब पट्टी घालायची आणि सर्रकन ओढायची, की भोवरा सुटून घमेल्यात. हो, घमेल्यातच. टीव्हीवरच्या पोरांना झगमगीत मैदानं असायची, आम्हाला बांधकामावरचं सिमेंट चिकटलेलं घमेलं. दोन भोवरे एकमेकांवर आदळले की असा खणखणाट व्हायचा, की शेजारच्या काकू "भांडी पाडली का रं मुडद्यांनो" म्हणून बाहेर यायच्या. ज्याचा आधी आडवा होईल तो हरला.

खरी मजा मात्र खेळात नव्हती, जोडण्यात होती. याचं डोकं, त्याचं बूड. एखादं बूड टोकदार, ते एका जागी शांत उभं राहायचं. एखादं चपटं, ते घमेलंभर बोंबलत हिंडायचं. आमचे बाबा वायरमन होते, त्यांच्या पेटीतला पितळी वायसर मी चकतीखाली बसवायचे. त्यानं भोवरा जड व्हायचा आणि समोरच्याला उडवून लावायचा. पोरं "फाउल, फाउल" म्हणून ओरडायची. मी म्हणायचे, तुमच्या बापांनापण वायरमन व्हायला सांगा. लय माजोरी होते मी. आता औषधाच्या बाटल्या कपाटात लावताना मध्येच ते दिवस आठवतात आणि हसू फुटतं, गिऱ्हाईक बघत राहतं.

ग्रुपमध्ये इच्छांना नुसता ऊत आला. बाप झालेली माणसं, पण लिहिताना सगळी दहा वर्षांची. कवठे महांकाळचा एक द्राक्षबागवाला लिहितो, पट्टी सुटी मिळाली पाहिजे, कारण मोडते ती पट्टीच आणि एका पट्टीपायी सगळा संच कोनाड्यात जातो. शिराळ्याचे एक मास्तर लिहितात, जुनी बुडं नव्या डोक्यांना बसली पाहिजेत, नाहीतर आम्ही वीस वर्षं जपून ठेवलं ते काय चाटायला? कुणाला तो खणखणाटच हवा होता, रबरी भाग नकोत म्हणाला. एकाची इच्छा अशी की पुण्यामुंबईच्या मॉलमध्ये काय ठेवायचं ते ठेवा, पण आमच्या जत्रेच्या दुकानात आलं पाहिजे. त्यावर सत्तावीस अंगठे.

भाऊ सगळं नीट लिहून घेत होता. तो खंडाळ्याजवळच्या एका कारखान्यात टूलरूमला आहे, मोजमापाचा माणूस. शेवटी त्यानं स्वतःची इच्छा टाकली: डाव्या हाताच्या पोरांसाठी डावा लाँचर आणि उलटा फिरणारा भोवरा, पहिल्याच संचात. तसले पुढं निघाले होते म्हणे, पण आमच्याकडं कधी आलेच नाहीत. खाली त्यानं लिहिलं, 'माझ्याकडं एक होता. वडिलांनी करून दिलेला. आईनं नदीत टाकला.'

मग काय विचारता! प्रत्येकाला आपापली आई आठवली. कुणाच्या आईनं भंगारवाल्याला दिले होते, कुणाच्या आईनं बंबात घातले होते. आया म्हणजे खेळण्यांच्या वैरिणी, असा ठराव होऊन त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी काउंटरवर बसून ते वाचत होते आणि माझे कान तापले होते. चोराच्या मनात चांदणं.

भाऊ डावखुरा. घरात जेवायला बसला की डावा हात पुढं यायचा आणि आत्या त्यावर चापट मारायची. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, पूर्वेच्या दुष्काळी भागात दिलेली, उन्हाळ्यात महिना-दोन महिने आमच्याकडं यायची. मनानं वाईट नव्हती, पण जिभेला हाड नाही. जोडभोवऱ्याचा लाँचर उजव्या हाताच्या माणसासाठी केलेला. भाऊ डाव्या हातानं पट्टी ओढायला गेला की ती वाकडी यायची, अडकायची, भोवरा घमेल्यात न पडता गटारात पडायचा. पोरं हसायची. मीपण हसायचे.

बाबांनी ते एकदा पायरीवर बसून बघितलं. कृष्णाबाईच्या उत्सवात घाटावर दुकानं लागली होती, तिथून त्याच्यासाठी नवा लाँचर आणि भोवरा आणला आणि घरी येऊन सरळ खोलला. भाऊ भोकाड पसरायच्या बेतात. सोल्डरिंगच्या तापल्या टोकानं बाबांनी लाँचरचे दोन आकडे मऊ करून उलट्या अंगाला वळवले, भोवऱ्याच्या डोक्यावरच्या खाचा कानशीनं दुसऱ्या बाजूनं कोरल्या, पट्टी जायची फट डावीकडं पाडली. तीन संध्याकाळी लागल्या. घरभर जळक्या प्लास्टिकचा वास. आई दार उघडं ठेवून स्वयंपाक करत होती आणि म्हणत होती, "पोरापरीस ह्येंनाच खेळायचंय."

आणि तो फिरला! सगळ्यांचे भोवरे घड्याळाच्या काट्यांसारखे फिरायचे, हा उलटा. घमेल्यात त्याची आणि माझ्या भोवऱ्याची गाठ पडली की आपटाआपटी व्हायचीच नाही. दोघं एकमेकांना चिकटून, घासत, बराच वेळ उभे राहायचे. एकाचं फिरणं कमी झालं की दुसरा त्याला फिरवायचा जणू. त्या आठवड्यात मी त्याला एकदाही हरवू शकले नाही. भाऊ छाती काढून डाव्या हातानं जेवायचा.

आत्यानं ते घमेलं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. आईला म्हणाली, "वयनी, पोरगं घरात उलटं फिरीवतंय. उलटं कुटं फिरत्यात, ठावं हाय न्हवं?" देवाला प्रदक्षिणा सरळ घालतात. उलटं फिरतात ते सरणाभोवती, खांद्यावर मडकं घेऊन. आईनं तिला गप केलं. पण मी ऐकलं होतं. अकरा वर्षांची पोर, नको ते नेमकं ऐकणारच.

चौथ्या दिवशी बाबा कुणाच्यातरी घरी फिटिंग करताना शिडीवरनं पडले. डोक्याला मार, बेशुद्ध. त्यांना साताऱ्याला दवाखान्यात नेलं. आई त्यांच्यासोबत. घरी आम्ही दोघं आणि आत्या. आत्या देवापुढं बसून पुटपुटत होती, "म्या सांगितलं हुतं, म्या सांगितलं हुतं." कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते हे आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं, की बाबा मरणार आहेत आणि ते थांबवायचं माझ्या हातात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई घरी येऊन परत दवाखान्यात गेली, भाऊ शाळेत होता. मी पोटात दुखतंय म्हणून घरी राहिले होते. त्याच्या दप्तराच्या जुन्या पिशवीतनं भोवरा काढला, लाँचर काढला, पट्टीसुद्धा काढली. काही मागं राहायला नको. घाटावर गेले, गुडघाभर पाण्यात उतरले आणि जिवाच्या आकांतानं लांब फेकलं. वर हातपण जोडले.

आणि त्याच दुपारी बाबा शुद्धीवर आले! आता बोला. वर्षभर मी मनात स्वतःला बाबांना वाचवणारी समजत होते.

संध्याकाळी आई डबा न्यायला घरी आली, तर भाऊ कॉटखाली शिरून हंबरडा फोडत होता. आत्याच्या अंगावर धावून गेला, "तूच, तूच घेतलास." आत्या देवाची शपथ घेऊन नाही म्हणत होती आणि ती खरं बोलत होती. मी दाराशी उभी. फ्रॉकचा घेर अजून ओलसर, पायाला घाटावरचा चिखल. आईनं माझ्याकडं एकदा बघितलं. एकदाच. मग भावाला म्हणाली, "मी टाकला. सकाळी जाताना नदीत टाकला. मला घरात नको हुता." आणि डबा भरायला आत गेली.

नंतर मला मोरीत पाय धुवायला नेऊन तिनं दंडाला असा चिमटा घेतला, की चार दिवस निळं होतं. "परत असलं करायचं न्हाई. आन त्येला कदी सांगायचं न्हाई. माजी शपथ हाय तुला."

भाऊ दोन दिवस शाळा सुटली की चहाची गाळणी घेऊन नदीत चाचपडत होता. आई दवाखान्यातनं येऊन, न जेवता, घाटाच्या पायरीवर उभी राहायची, हा पाण्यात घसरेल म्हणून. तो तिला ओरडून सांगायचा, "तू जा! तू बघू नको!" ती जायची नाही.

पोरं विसरतात म्हणतात. आमचं विसरलं नाही. रुसवा गेला, पण त्याच्यातून एक सवय राहिली. काहीही झालं की तो माझ्याकडं यायचा आणि म्हणायचा, "ताई, आईला सांगू नको." दहावीला मार्क कमी पडले, आईला सांगू नको. गाडीवरनं पडला, आईला सांगू नको. पोरगी आवडली, जी आता त्याची बायको आहे, तेव्हाही मलाच आधी. मी आईला हळूच सांगायचे. ती "व्हय का" एवढंच म्हणायची आणि हातातलं काम पुढं करायची. ज्या माणसानं त्याचं चोरलं त्यालाच तो विश्वासानं सगळं देत होता, आणि जिनं काही केलं नाही ती दुसऱ्याच्या तोंडून स्वतःच्या पोराची खबर ऐकत होती. मला हे कळत नव्हतं का? कळत होतं. पण खोटं का बोलू, मला ते आवडतही होतं. शपथ फार सोयीची वस्तू आहे.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. आता पोरीही स्मशानात जातात, मीही गेले होते. भाऊ मडकं खांद्यावर घेऊन उलटा फिरला, तीन वेळा. परतताना माझ्याशेजारून चालता चालता हळूच म्हणाला, "ताई, असाच फिरायचा गं माझा." तेव्हाच सांगायला हवं होतं. तिथं कुठं बोलायचं, असं मनाला सांगितलं. नेभळटाला कारणं कमी पडत नाहीत.

फॉर्म भरायचा शेवटचा दिवस रविवार होता. दुपारी दुकान बंद करून मी जेवायला वर आले आणि त्याचा फोन आला.

"ताई, फॉर्ममध्ये 'तुमची आठवण सांगा' म्हणून जागा आहे. निवडक आठवणी त्यांच्या पानावर छापणार आहेत, नावगावासकट. मी लिहिलंय. ऐक आणि शुद्धलेखन सांग."

त्यानं वाचलं. बाबांचं सगळं छान लिहिलं होतं, कानस, जळका वास, तीन संध्याकाळी. माझे डोळे भरून आले. मग शेवट: 'पण माझ्या आईनं खुळ्या समजुतीपायी तो नदीत टाकला. आयांनो, पोरांची एक वस्तू टाकता तेव्हा काय टाकता ते तुम्हाला कळत नाही.'

"हे काढ," मी म्हटलं.

"का? चूक आहे काही?"

"सगळंच चूक आहे. आईनं नाही टाकला."

"मग काय उडून गेला?"

"मी टाकला. मी, येड्या, मी! फ्रॉक वर धरून पाण्यात गेले आणि मी टाकला. आत्याचं ऐकून. बाबा वाचावेत म्हणून. आईनं माझे चिखलाचे पाय बघितले आणि स्वतःवर घेतलं."

एवढं एका दमात. मग तो म्हणाला, "आत्ता सांगतेस?"

"हो."

"मी तिला नदीवर काय काय बोललो होतो, तुला माहितेय? तू तिथंच होतीस."

"होते."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

चारच्या सुमाराला फॉर्मची प्रत ग्रुपवर आली. आठवणीची जागा कोरी होती. इच्छांमध्ये सगळ्यांच्या खाली एक ओळ होती: 'डाव्या हातासाठी एक असावा. आमच्याकडं डावखुरी पोरं आहेत.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सोमवार गेला, मंगळवार गेला, त्याचा फोन नाही. रोज एकदा तरी करणारा माणूस. मी केला तर उचलला नाही. गुरुवारी आईचा आला. आई अजून वाईलाच असते, एकटी.

"तुला शपथ घातली हुती," तिनं सुरुवातच अशी केली.

"मोडली."

"कशाला? चांगलं चाललं हुतं की."

"काय चांगलं चाललं होतं गं? तो तुला काही सांगत नव्हता."

"तुला सांगत हुता न्हवं? एकीला तर सांगत हुता. आईवर रुसलेलं पोर भूक लागली की घरलाच येतंय. भणीवर रुसलं असतं तर तुमी दोघं दोन वाटंला गेला असता. मी काय, मी हुतेच." हे तिनं असं सांगितलं, जसं भाजीत मीठ किती ते सांगावं.

मग तीच म्हणाली, "आलता त्यो. रविवारीच आला, गाडी काढून. च्या घेतला. लय वेळ बसला, बोलत हुता."

"काय म्हणाला?" मी एकदम विचारलं. "माझ्याबद्दल काही? चिडलाय ना? की दुसरं काही आहे? नोकरीचं काही आहे का? आवाज बरा नव्हता त्याचा मागच्या आठवड्यातपण. आई, सांग ना."

आई म्हणाली, "ते त्यो सांगंल तुला. त्येला वाटलं तर."

"अगं, मला नाही सांगायचं? मला?"

"न्हाई," आई म्हणाली. "मला सांगितलंय त्यानं."

तिचा आवाज इतका भरलेला मी बाबा गेल्यापासून ऐकला नव्हता. मला बरं वाटलं, देवाशपथ बरं वाटलं. आणि त्याच वेळी आईचा हेवाही वाटला. माझ्याच भावाचं काहीतरी आहे, आणि ते मला माहीत नाही. चार दिवस झाले होते फक्त. आईनं हे वीस वर्षं रोज सोसलं होतं, आणि वर माझ्याकडून त्याच्या बातम्या ऐकताना कधी आवाजसुद्धा चढवला नव्हता.